फॅशन कॉलेजातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती: आधी पॅटर्न मास्तरांकडे जा, कॅमेऱ्याचं नंतर बघू

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आपल्या वडोदऱ्यातल्याच एका फॅशन कॉलेजात असिस्टंट लायब्ररियन आहात, कॉलेजला पुढच्या वर्षी 25 वर्षं होतायत, आणि प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलंय की जुन्या फॅकल्टीच्या आणि स्टाफच्या मुलाखती रेकॉर्ड करून ठेवा. यादी 30 जणांची आहे, त्यात 22 फॅकल्टी, 5 ऑफिसचे आणि 3 "इतर". वेळ 4 महिने. न्यूयॉर्कच्या फॅशन कॉलेजने अशा मुलाखती जपल्यात हे मॅडमनी पाहिलंय आणि आपल्याकडेही तसं व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. तुम्ही विचारताय की प्रश्नावली कशी करू, कॅमेरा कोणता घेऊ, आणि दोन सर एकाच गोष्टीची वेगवेगळी वर्षं सांगतायत तर खरं कोणाचं धरू.

मी हे काम 19 वर्षं करतेय. दांडिया बाजारात राहते, मिलमधले कामगार, शाळेतल्या बाई, हॉस्पिटलातल्या नर्स अशा बऱ्याच जणांच्या मुलाखती झाल्या आणि मधे दोन शिवण आणि फॅशन शिकवणाऱ्या संस्थांसाठीही केलं, त्यामुळे जे सांगतेय ते तिथे काय चुकलं आणि काय जमलं त्यावरून सांगतेय. तुमच्या कॉलेजात माणसं कशी आहेत, मॅडम किती मोकळीक देतील, मास्तर अजून नोकरीत आहेत की रिटायर झाले, यावर बरंच अवलंबून आहे, तेवढं धरून वाचा.

प्रश्नावली आणि कॅमेरा दोन्ही सुटण्यासारखं आहे. मला अडचण दुसरीच दिसतेय, ती म्हणजे दोन वेगळी कामं एकाच नावाखाली तुमच्या टेबलावर आली आहेत. एक काम रौप्यमहोत्सवाचं, म्हणजे स्मरणिका छापायची, कार्यक्रमात 10 मिनिटांची फिल्म दाखवायची, त्यात लोकांनी कॉलेजबद्दल चांगले चार शब्द बोलायचे. त्यात वाईट काहीच नाही, लोकांना ते आवडतं. दुसरं काम म्हणजे 25 वर्षांत इथे शिकवणं कसं चाललं, कापड कोणी कापलं, मशीन कोणी दुरुस्त केलं, शोच्या आदल्या रात्री काय काय झालं हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून त्यांच्याच आवाजात ठेवणं. ही दोन्ही कामं एका मुलाखतीत होत नाहीत, कारण समोरच्याला कळलं की हे स्टेजवर दाखवणार आहेत की तो भाषण सुरू करतो. म्हणून मॅडमशी पहिलं बोलणं हेच करा की स्मरणिकेसाठी वेगळे 15 मिनिटांचे बाइट घेऊ आणि मुलाखती वेगळ्या घेऊ, आणि मुलाखतीतलं काहीही बोलणाऱ्याला विचारल्याशिवाय स्मरणिकेत जाणार नाही. हे त्यांच्याकडून ईमेलवर लिहून घ्या, कारण महोत्सव जवळ आला की घाईघाईत सगळं विसरलं जातं.

आता यादी. 22 फॅकल्टी आणि 3 इतर, आणि ते इतर कोण तर पॅटर्न मास्तर (कपड्याचा कागदी नमुना काढून कापड कापणारे), लॅब असिस्टंट आणि शिपाई, असं तुम्ही खाली कमेंटमध्ये लिहिलंय. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात या तिघांपासून करा. फॅकल्टीचं बरंचसं कागदावर राहतं, सिलॅबस, पेपर, ज्युरीचे म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांचे मार्क, फोटो, भाषणं. मास्तरांचं काहीच राहत नाही. ते रिटायर झाले की त्यांच्या खणातले फर्मे, म्हणजे पॅटर्नचे साचे, कोणीतरी रद्दीत देतं आणि संपलं.

आपल्या गावात हे आधी एकदा होऊन गेलंय. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली, टी. के. गज्जर पहिले प्रमुख होते, तिथे रंगाई शिकवायचे, दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. 1949 मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा त्याची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली. 1914 पासून महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय आहे, सुरसागर तलावापाशी, माझ्या आजीच्या पिढीतल्या किती बायका तिथे शिवण शिकल्या. या संस्था कोणी आणि कधी काढल्या ते आपल्याला पाठ आहे. पण रंगाच्या हौदापाशी उभं राहून "आता काढ बाहेर, जास्त झालं" असं सांगणारा माणूस ते कशावरून ओळखायचा, रंगाच्या वासावरून, फेसावरून की बोटाला लागलेल्या रंगावरून, हे विचारायला आज कोणी उरलेलं नाही. तुमच्या कॉलेजात ती माणसं अजून आहेत, फोन केला तर येतील.

न्यूयॉर्कचा विषय मॅडमनी काढलाच आहे तर तेही सांगते. ते फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1944 मध्ये शिवणकाम शिकवणाऱ्या एका हायस्कूलच्या वरच्या दोन मजल्यांवर 100 विद्यार्थ्यांवर सुरू झालं, आणि ते काढण्यामागे तयार कपड्यांच्या धंद्यातल्या लोकांची काळजी ही होती की कारागिरांची मुलं या कामात येत नाहीत, पुढे कुशल माणसं मिळायची कुठून. आपल्याकडे 1986 मध्ये दिल्लीला निफ्ट (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) झालं ते याच संस्थेच्या मदतीने. म्हणजे ड्रेपिंग (डमीवर, म्हणजे शिवणाच्या पुतळ्यावर, कापड लावून कपडा घडवणं), ग्रेडिंग (एका मापावरून बाकीची मापं काढणं), टॉइल (कोऱ्या कापडाचा नमुना कपडा), स्लोपर (मूळ साधा पॅटर्न) असले शब्द घेऊन एक शिक्षणपद्धत तिकडून आली, दिल्लीत रुजली आणि मग तिथून शिकलेली माणसं आपापल्या गावच्या कॉलेजांत शिकवायला गेली. त्याच वर्गात शेजारी उभे असलेले मास्तर मात्र कोणत्याही कॉलेजात गेलेले नव्हते, ते मंगळ बाजारच्या नाहीतर अहमदाबादच्या एखाद्या दुकानात 12 व्या वर्षी बटणं लावायला बसले होते. त्यांचे शब्द वेगळे. खांद्याला तीरा, बाही जिथे जोडतात त्या काखेच्या घेराला मुड्ढा, पायाच्या तोंडाला मोरी, तिरक्या कापाला उरेब. गज आणि तसूत माप सांगणारे म्हातारे मास्तर मी स्वतः ऐकलेत, 24 तसूंचा एक गज. एकाच टेबलावर या दोन भाषा 25 वर्षं कशा नांदल्या, कुठे अडल्या, कोणी कोणाला काय शिकवलं, तुमच्या कॉलेजचा इतिहास मला विचाराल तर तो हाच आहे.

एक साधं उदाहरण देते. ड्रेपिंगच्या वर्गात जे कोरं कापड वापरतात त्याला फॅकल्टी मसलीन म्हणतात. आपण घरी त्याला मांजरपाट म्हणतो, गुजरातीत मादरपाट. मुलाखतीत एखादी मॅडम पहिल्यांदा मसलीन म्हणाली आणि तासाभराने मास्तरांची आठवण सांगताना मादरपाट म्हणाली तर ती जागा लिहून ठेवा. ती त्या क्षणी मास्तरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिलेली असते, आणि नंतरचे दहा मिनिटं ती जे बोलते ते सगळ्यात खरं असतं, असा माझा अनुभव आहे.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत, नाव नको, 26 वर्षं नोकरी झालेल्या एका पॅटर्न मास्तरांची मुलाखत घ्यायला गेले. विभागप्रमुख बाई शेजारीच खुर्ची टाकून बसल्या, चांगल्या मनानेच बसल्या, चहा सांगितला, मधेमधे आठवणही करून देत होत्या. 50 मिनिटांत मास्तर तीनच गोष्टी बोलले, सब अच्छा था, सब का साथ मिला, मॅडम लोगों ने बहुत सिखाया. मी रेकॉर्डर बंद केला आणि घरी येताना मनात म्हटलं की या माणसाला बोलताच येत नाही. तसं लिहूनही ठेवलं वहीत. ते लिहिलेलं आज वाचलं की मला लाज वाटते, कारण साहेब शेजारी बसलेले असताना कोण काय बोलणार, एवढं मला कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी परत गेले, या वेळी त्यांच्या घरी, संध्याकाळी, आणि सोबत दोन मीटर मांजरपाट, खडू, टेप आणि एका विद्यार्थिनीने शिवलेला एक ब्लाउज घेऊन गेले, ज्याची बाही ओढत होती. काही विचारायच्या आत त्यांनी तो ब्लाउज उचलला, उलटा केला, मुड्ढ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, इसने काटा सही, जोड़ा ग़लत. मग समजावून सांगितलं की बाहीचा वरचा गोल मुड्ढ्यापेक्षा थोडा मोठाच कापतात आणि ती जास्तीची गोलाई चुण्या न पडता टिपेत मुरवायची असते, लोकरीच्या कापडात जास्त मुरते, घट्ट विणीच्या कॉटनमध्ये आणि पॉलिस्टरमध्ये कमी, आणि पुस्तकात एकच आकडा देतात म्हणून मुली फसतात. हे सांगता सांगता ते आपल्या उस्तादांवर गेले, उस्तादांनी हातावर पट्टी मारली होती त्यावर गेले, मग कॉलेजात पहिल्या दिवशी त्यांना खुर्ची द्यायची की स्टूल यावरून ऑफिसात काय झालं त्यावर गेले. 2 तास 40 मिनिटं. मी सगळे मिळून सहा प्रश्न विचारले असतील.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. फॅशन कॉलेजातल्या माणसाची मुलाखत रिकाम्या टेबलावर घ्यायची नाही. टेबलावर वस्तू पाहिजे. जुना फर्मा, कात्री, बॉबिन केस, पहिल्या बॅचचं स्केचबुक, ज्युरीची शीट, शोचं निमंत्रण, डमीचा तुटका स्टँड, काहीही. ऑफिसच्या माणसासमोर ॲडमिशन रजिस्टर ठेवा, शिपाईभाईंसमोर किल्ल्यांचा जुडगा ठेवा. लॅब असिस्टंटना त्यांच्या मशीनपाशीच उभं करा, ते मशीनवर हात ठेवून बोलतात तेव्हा वेगळंच बोलतात. फॅकल्टीलाही हेच लागू आहे, पीएचडी असो की नसो, हातात कापड दिलं की भाषण थांबतं.

यातच तुमच्या कॅमेऱ्याचं उत्तर आलं. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातावर हवा. चेहऱ्यावर लावला की माणूस सावध होतो, केस सारखे करतो. हातावर लावला तर पाच मिनिटांत विसरून जातो, आणि तुम्हाला जे हवंय ते हातातच आहे, म्हणजे खडू कसा धरला, कात्री कुठे थांबली, टेप न लावता बोटांनी वीत कशी मोजली. जो फोन आहे तो ट्रायपॉडवर लावून वरून टेबल दिसेल असा ठेवलात तरी चालेल, नवा कॅमेरा घेऊ नका. पैसे आवाजावर खर्च करा, कारण चित्र हललं तरी चालतं, आवाज गेला तर सगळं गेलं. एक साधा हातातला रेकॉर्डर आणि कॉलरला लावायचा छोटा माइक बास आहे. रेकॉर्डिंग वेव फॉरमॅटमध्ये, 48 किलोहर्ट्झ 24 बिट ठेवा, मोनोमध्ये तासाला साधारण 520 एमबी होतात, कार्डात भरपूर मावतं, एमपीथ्री नको. पंखा बंद करायलाच लागतो, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी मुलाखत ठेवू नका, बिचाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, सकाळी 8 ला ठेवा. नवरात्र आणि उत्तरायणचे दिवस तर आपल्या गावात सोडूनच द्या. सिंथेटिक साडीच्या पदराचा आवाज माइकवर खूप येतो, काचेच्या बांगड्यांचाही, आधी फोनवर प्रेमाने सांगून ठेवा. आणि एक वेगळं काम करा, ज्या मशीनवर 25 वर्षं मुली शिकल्या त्या पायडल मशीनचा आवाज पाच मिनिटं नुसता रेकॉर्ड करून ठेवा. पॉवर मशीन आल्यावर तो आवाज वर्गातून जातो आणि मग कोणाकडेच राहत नाही.

प्रश्नावली. 40 प्रश्नांची छापील यादी घेऊन जाऊ नका, माणूस परीक्षेला बसल्यासारखं उत्तरं देतो. मी एका कागदावर आठ-दहा जागा लिहून नेते, प्रश्न नाही, नुसत्या जागा आणि प्रसंग, आणि तिथे समोरच्याला नेऊन सोडते. "तुमचा अनुभव कसा होता" याला उत्तर एकच, चांगला होता. त्याऐवजी, पहिल्या दिवशी कोणत्या दाराने आत आलात, तेव्हा त्या खोलीत काय काय होतं? मशीन किती होती आणि मुली किती, मग पाळी कशी लावायचात? कात्री कॉलेजची होती की स्वतःची? शोच्या आदल्या रात्री कोण कोण थांबलं आणि जेवलात काय? एखादी मुलगी रडत आली तर कोणाकडे जायची? पहिल्यांदा कॉम्प्युटरवर पॅटर्न काढलेला बघितला तेव्हा तुम्ही तो कागदावर परत मोजून बघितलात का? हा शेवटचा प्रश्न मी ज्या ज्या मास्तरांना विचारला त्या प्रत्येकाने हसून हो म्हटलंय आणि मग पुढे पाव इंचाचा नाहीतर शिलाईच्या मार्जिनचा एखादा किस्सा सांगितलाय. फॅकल्टीला मी एक आवर्जून विचारते, की असं काय आहे जे तुम्ही पहिल्या पाच वर्षांत शिकवत होतात आणि आता शिकवत नाही, आणि ते कोणत्या वर्षी सोडलंत? उत्तर यायला वेळ लागतो, थांबा, मधे बोलू नका. गप्प राहणं या कामात सगळ्यात अवघड आहे, मला अजूनही जमत नाही कधीकधी.

भाषेचं काय, तर ज्याला जी येते ती. आपल्याकडे एका वाक्यात मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही येतात आणि ते तसंच राहू द्या. मराठी घरातल्या मॅडमही कॉलेजच्या गोष्टी गुजरातीत सांगतात कारण त्या घडल्याच गुजरातीत. लिहून काढताना गुजराती वाक्य गुजराती लिपीतच लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. टायपिंग युनिकोडमध्येच करा, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेलं माझं काही काम आज उघडलं तर नुसती चिन्हं दिसतात, सगळं परत टाइप करावं लागलं.

आता 30 जण आणि 4 महिने याचा हिशेब करू. चांगल्या मुलाखतीला एका माणसाच्या दोन बैठका लागतात, पहिलीत ओळख होते आणि दुसरीत खरं बोलणं होतं, मिळून तीन तास धरा. 30 जणांचे 90 तास. एक तास रेकॉर्डिंग नीट उतरवून काढायला मला 6 ते 8 तास लागतात, म्हणजे 540 ते 720 तास, रोज 6 तास दुसरं काहीही न करता बसलात तरी 90 ते 120 दिवस. लायब्ररी कोण सांभाळणार? आपोआप टाइप करणारी सॉफ्टवेअर मीही वापरते, पण तीन भाषांची मिसळ आणि त्यात तीरा, मुड्ढा, उरेब आले की ती काहीतरी भलतंच लिहितात आणि दुरुस्तीला तेवढाच वेळ जातो. म्हणून मॅडमना हा हिशेब दाखवा आणि म्हणा की या वर्षी 12 जण नीट करते. 36 तास रेकॉर्डिंग, ते एका माणसाने जमण्यासारखं आहे. 12 कोण, तर ते तिघे पहिले, मग वयाने मोठे आणि तब्येत नाजूक असलेले, मग जे गाव सोडून जाणारेत ते, मग बाकीचे. हुद्द्याप्रमाणे नाही. उरलेल्या 18 जणांना फोन करून सांगा की तुमचा नंबर पुढच्या वर्षी आहे, नाहीतर त्यांना वाईट वाटतं आणि ते रास्तच आहे.

दोन सर वेगवेगळी वर्षं सांगतायत त्याचं काय. तुमचा प्रश्न कॅड लॅब, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन आणि पॅटर्न काढायची लॅब, कधी आली याचा आहे, एक सर म्हणतात 2003, दुसरे म्हणतात 2006. तारीख हवी असेल तर ती खरेदीच्या बिलात आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कॉलेजच्या सामानाच्या नोंदवहीत) मिळेल, तिथून घ्या. पण मुलाखतीतलं चुकीचं वर्ष खोडू नका. इटलीत तेर्नी नावाच्या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा एक तरुण कामगार 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला, आणि पोर्तेली नावाच्या अभ्यासकाने पुढे तिथल्या जुन्या कामगारांना विचारलं तर कितीतरी जणांनी तो 1953 मध्ये, कामावरून काढून टाकण्याविरुद्धच्या आंदोलनात मेला असं सांगितलं. पोर्तेलींनी त्या चुकीचाच अभ्यास केला. गावाच्या मनावरचा सगळ्यात मोठा घाव 1953 चा होता म्हणून मरणही तिकडे सरकलं. तुमच्याकडे तसंच काही असू शकतं. 2005 च्या 1 जानेवारीला जगातल्या कपड्यांच्या व्यापारावरचे कोटे उठले, त्यानंतर एक्स्पोर्टवाल्यांना टेक पॅक (कपड्याची मापं आणि शिलाईचा तपशील असलेला कागद) समजणारी, कॉम्प्युटरवर काम येणारी मुलं हवी होती. जे सर 2006 म्हणतात त्यांच्या दृष्टीने लॅब खरी सुरू झाली ती कदाचित मुलांना त्यावर नोकऱ्या मिळायला लागल्या तेव्हा, आणि जे 2003 म्हणतात त्यांनी कदाचित खोकी उघडली असतील. दोघांनाही विचारा की तुम्हाला ते वर्ष कशावरून आठवतं. थेट वर्ष विचारण्यापेक्षा खुणा विचारा, 26 जानेवारी 2001 च्या भूकंपाच्या आधी की नंतर, मुलीच्या दहावीच्या वर्षी की नंतर. माणसं घरातल्या प्रसंगांवरून वर्ष बरोबर सांगतात.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते हीच सगळ्यात जोखमीची जागा आहे. बोलणं रंगात आलं की माणूस मधेच थांबून म्हणतो, "बेन, आ लखतां नहीं." हे लिहू नका. फॅशन कॉलेजात हे हमखास कुठे येतं तेही सांगते. शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनपाशी येतं. शोच्या आधीचे दोन महिने मुलींच्या डिझाइनचे किती कपडे प्रत्यक्षात मास्तर शिवतात, रात्री थांबून, कधी वेगळे पैसे घेऊन, कधी नुसत्या चहावर, आणि रॅम्पवर नाव कोणाचं येतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. मास्तर हे सांगतात तेव्हा त्यांना तक्रार करायची नसते बहुतेक वेळा, त्यांना त्या कपड्यांचा अभिमान असतो, एकेक कपडा कोणत्या सालचा आणि गळा कसा बसवला ते त्यांना आठवतं. पण हे उद्या कोणी ऐकलं तर जुन्या विद्यार्थिनीला, गाइड मॅडमला, आणि मास्तर नोकरीत असतील तर त्यांनाही त्रास होऊ शकतो. माझ्या ओळखीत एका संस्थेने असंच एक वाक्य न विचारता आपल्या अंकात छापलं, कौतुक म्हणूनच छापलं, आणि ते मास्तर नंतर संस्थेत यायचेच बंद झाले. मुलाखत मी घेतलेली नव्हती पण त्यांच्या घरी मला कोणी आजही बोलावत नाही.

म्हणून परवानगी दोनदा घ्यायची. एकदा आधी, की तुमचा आवाज रेकॉर्ड करतेय, कशासाठी, कुठे राहणार, कोण ऐकणार. आणि दुसऱ्यांदा सगळं उतरवून झाल्यावर, तो कागद त्यांना वाचून दाखवून. प्रत्येक भागाला चार पर्याय द्या, आत्ता सगळ्यांना खुला, नाव लपवून खुला, अमुक वर्षापर्यंत बंद, किंवा कायमचा पुसून टाका. पुसून टाका म्हणाले तर खरंच पुसायचं, कितीही मोलाचं असो. फॉर्म गुजराती, हिंदी, मराठी तिन्हीत करा, मोठ्याने वाचा, आणि त्यांचा होकार आवाजातही घ्या. कॉपीराइटचा 1957 चा कायदा आहे, डिजिटल वैयक्तिक माहितीबद्दलचा 2023 चा कायदा आहे, त्यामुळे फॉर्म एकदा कॉलेजच्या वकिलांच्या नजरेखालून घाला. बंद ठेवलेले भाग मॅडमनाही ऐकता येणार नाहीत हे मॅडमना आधीच सांगा. हे सांगायला धीर लागतो, मला माहितीय, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करता. पण हे ठरल्याशिवाय मास्तरांना बोलायला बसवणं बरोबर नाही. आणि जे रोजावर किंवा कॉन्ट्रॅक्टवर आहेत त्यांचे ते तास कामाचे धरून पैसे मिळाले पाहिजेत, आपल्यासाठी त्यांनी अर्धा दिवस बुडवायचा हे चालणार नाही.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर, स्मरणिका वेगळी आणि मुलाखती वेगळ्या, या वर्षी 12 जण, सुरुवात इतरांपासून, टेबलावर वस्तू, कॅमेरा हातांवर, परवानगी दोनदा.

राहिलं ठेवायचं कुठे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक गावाबाहेर. गावाबाहेर का ते वडोदऱ्याच्या माणसाला सांगायला नको, 31 जुलै 2019 ला एका दिवसात 20 इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी परत घराघरांत शिरली. माझ्या ओळखीच्या एका घरी तळमजल्याच्या कपाटात जुन्या मुलाखतींच्या 40 कॅसेट होत्या, चिखलातून काढल्या, एकही वाजली नाही. तुमची लायब्ररी तळमजल्यावर असेल तर हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा आणि एक प्रत पुण्याला किंवा मुंबईला कोणाकडे तरी. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि नंबर, माणसाचं नाव वेगळ्या वहीत, कारण बंद ठेवलेल्या मुलाखती फाइलच्या नावावरून ओळखू येता कामा नयेत. आणि मुलाखतीत टेबलावर जी वस्तू होती तिचा फोटो त्याच फोल्डरमध्ये, नाहीतर पाच वर्षांनी "हे बघा, हे इथे असं वळवायचं" असा आवाज ऐकू येईल आणि हे म्हणजे काय ते कोणालाच कळणार नाही.

आता सोमवारी काय कराल ते सांगते. मॅडमना तासांचा हिशेब दाखवा आणि तो ईमेल मागून घ्या. मग पॅटर्न मास्तरांना फोन करा, कॉलेजात बोलावू नका, त्यांना कोणती वेळ बरी ते विचारा आणि त्यांच्या घरी जा. पहिल्या भेटीत रेकॉर्डर बाहेर काढू नका. एखाद्या मुलीच्या असाइनमेंटमधला बिघडलेला कपडा मिळाला तर तिला विचारून तो घेऊन जा, मांजरपाट दोन मीटर, खडू आणि टेप. कात्री नेऊ नका, ते स्वतःचीच काढतील. ती कात्री किती वर्षांची आहे आणि कोणाकडून आली हे विचारा आणि मग ऐकत बसा. तिन्ही भाषांतला माझा परवानगीचा फॉर्म हवा असेल तर इथेच लिहा, पाठवते, त्यात तुमच्या कॉलेजप्रमाणे बदल करून घ्यावे लागतील.